तेवीस पोरींचं पाणी

कर्टिसने भाजलेल्या टर्कीवर सुरी टेकवली, आणि त्याच क्षणी त्याच्या लेकीचा फोन टेबलावर थरथरला.

थँक्सगिव्हिंगचं, नोव्हेंबरातल्या सणाचं जेवण होतं. ब्रिटाने फोन उचलला, वाचला, पुन्हा वाचला... आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"आत्या, आपला संघ बंद केला!"

"काय?" मार्लिसच्या हातातला बटाट्यांचा वाडगा हवेतच राहिला.

"हे बघ ना! 'खर्चकपातीमुळे महिलांचा जलतरण संघ या हंगामानंतर बंद होत आहे. आपल्या योगदानाबद्दल आभार.' संपलं! एवढंच!"

सत्तावीस वर्षं मार्लिस थोरसन त्या विद्यापीठात पोरींना पोहायला शिकवत होती. संघाची प्रशिक्षक ती, आणि तिलाच कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं! पोरी सुट्टीला आपापल्या घरी पांगल्यात, वसतिगृहं ओस पडलीत, जाब विचारायला दारात कुणी येणार नाही, असा नेमका दिवस हेरून हे पत्र धाडलं होतं. अपमानाने तिचं काळीज पेटून उठलं... आणि मग तिची नजर धाकट्या भावावर गेली. कर्टिस मान खाली घालून टर्की कापत होता. शांतपणे. एकसारखे काप.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळावर त्याचं चौथं वर्ष होतं. सुरी थांबली.

"मार्लिस, समजून घे. बहीण प्रशिक्षक, मुलगी संघात. मी विरोधात मत दिलं असतं तर लोक म्हणाले असते, थोरसन घरचं बघतो."

"म्हणून तेवीस पोरींना बुडवलंस?"

"फुटबॉलला चाळीस हजार माणसं येतात! पोहणं बघायला कोण येतं? आईबाप!"

"तुम्ही तर तेही नाही आलात, बाबा," ब्रिटा म्हणाली. "तीन वर्षांत एकदासुद्धा नाही."

कर्टिसचे कान लाल झाले. लेकीला सोडून तो बहिणीवर घसरला. "तूच हिला चढवून ठेवलंयस! पोहणं म्हणजे जसं काही आयुष्य! अगं, विसाव्या वर्षी तू स्वतःच पोहणं सोडलंस ना? 'कंटाळा आला' म्हणालीस. तेव्हा कोसळलं का आभाळ?"

टेबलाच्या टोकाला बसलेल्या त्यांच्या आईचा, अल्माचा, काटा ताटात खणकन पडला. म्हातारीचे ओठ हलले... पण टेबलाखालून मार्लिसने तिचा हात घट्ट दाबला.

"आई, ग्रेव्ही घे. गार होतेय."

पस्तीस वर्षांपूर्वी याच मार्लिसने फुलपाखरू शैलीत अशी वेळ नोंदवली होती की ऑलिंपिकच्या राष्ट्रीय निवड चाचणीचं बोलावणं घरी आलं होतं. आणि त्याच वसंतात कागदगिरणीतल्या अपघातात वडील गेले. कर्टिस सतरा वर्षांचा, हुशार, विद्यापीठात प्रवेश मिळालेला... घर चालवायला कुणीतरी हवं होतं. तिने ते बोलावणं घडी करून खणात टाकलं आणि चीजच्या कारखान्यात पाळी धरली. चार वर्षं! चीज मुरवायच्या मिठाच्या पाण्याने बोटांना भेगा पडायच्या. वडिलांच्या विम्याच्या पैशावर आपण शिकलो, असं कर्टिस समजत राहिला, कारण तिने आईला शपथ घातली होती. "त्याला ओझं नको, आई. कंटाळा आला म्हणून सोडलं, एवढंच सांग." त्या ओझ्याखाली ती स्वतः मात्र वाकत गेली, आणि कुणालाही ते दिसलं नाही!

सोमवारी क्रीडाप्रमुखाने तिला बोलावलं. पोहण्याचा तलाव बुजवून तिथे फुटबॉलवाल्यांची नवी व्यायामशाळा होणार होती.

"तुमची नोकरी राहील," तो गोड हसत म्हणाला. "व्यायामशाळेची व्यवस्था बघा. फक्त मंडळाच्या सभेत... बोलू नका."

"माझ्या पोरींच्या तलावावर माती टाकायची आणि मी तिथे टॉवेल मोजत बसायचं?" मार्लिस उठली. "तुम्हाला आई आहे का हो? तिला विचारा एकदा, असं करतात का!"

डिसेंबरच्या सभेत बोलणाऱ्या प्रत्येकाला तीन मिनिटं होती. मार्लिस स्वतःबद्दल एक अक्षरही बोलली नाही. कुणाची शिष्यवृत्ती जाणार, कुणाचं शिक्षण अर्धवट सुटणार, हे एकेका पोरीचं नाव घेऊन तिने सांगितलं. "फुटबॉलच्या प्रशिक्षकाला तुम्ही मध्येच काढलंत, तरी पुढची तीन वर्षं त्याला घरबसल्या पगार देताय! आणि या पोरींसाठी तिजोरी रिकामी? लाज वाटू द्या!"

घंटा वाजली. विश्वस्तांपैकी एकाने जांभई दिली. कर्टिस कागद चाळत होता.

तेवढ्यात वॉकरचा खटखट आवाज आला. एक्याऐंशी वर्षांची अल्मा ध्वनिक्षेपकापाशी येत होती.

"आई, नको!" मार्लिस कळवळून म्हणाली.

"गप्प बस. पस्तीस वर्षं तुझंच ऐकलं." म्हातारी वळली. "कर्टिस, वर बघ. मी तुझ्याशी बोलतेय, बाकीच्यांनी ऐकलं तरी चालेल. विमा-बिमा काही नव्हता, बाळा. गिरणीने एक फुलांचं चक्र पाठवलं होतं, बस्स. तू शिकलास तो हिच्या हातांवर. निवड चाचणीचं पत्र आलं होतं हिला, अजून माझ्या खणात आहे. कंटाळा नव्हता रे आला! तुझ्यासाठी पाणी सोडलं तिने... आणि आज तिच्या पोरींचं पाणी तू तोडतोस? माझ्याच पोटचा ना तू?"

कर्टिसने मान वर केली. त्याची दृष्टी बहिणीच्या बोटांवर खिळली, जणू ती बोटं तो आज प्रथमच पाहत होता.

पुन्हा मतदान झालं. कर्टिसने उभं राहून आपलं मत फिरवलं. सात विरुद्ध दोन. निर्णय कायम! त्याने तिथेच राजीनामा लिहिला, पण एका राजीनाम्याने तलाव वाचत नाही.

ती नोकरी मार्लिसने घेतली नाही. हिवाळाभर ती प्रत्येक पोरीसाठी दुसऱ्या विद्यापीठांना पत्रं लिहीत, फोन करत राहिली. एकोणीस जणींना जागा मिळाली. चौघींना नाही... आणि त्या चौघींची नावं तिला झोपेतही आठवत.

फेब्रुवारीत घरच्या तलावातली शेवटची लढत झाली. ब्रिटाची शर्यत सर्वांत लांब, तलावाच्या सहासष्ट फेऱ्यांची. पोहणारीला मोजणी कळावी म्हणून टोकाला कुणीतरी गुडघे टेकून आकड्यांची पाटी पाण्यात धरावी लागते. पाटी मार्लिसच्या हातात होती. मागून पावलं वाजली.

"मी धरू?"

सूट, टाय, चकाकते बूट... कर्टिस! तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि पाटी पुढे केली. तो ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसला. पाणी अंगावर उडत होतं, अस्तन्या भिजत होत्या. ब्रिटाने वळताना पाण्याखालून पाटीमागचा चेहरा पाहिला आणि तिचे हात एकदम वेगाने चालू लागले.

"मार्ली," तो पाण्याकडे बघत म्हणाला, "मी तुझं सगळं आयुष्य... मला क्षमा करशील?"

मार्लिसने ओल्या डोळ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुला केली रे, केव्हाच केली. त्या सातजणांना नाही करणार, मरेपर्यंत नाही! आता रडू नकोस, आकडा बदल. पोरगी परत येतेय."