लाल दिवा बंद असताना

"मशीन बंद करा आधी!"

तिने शिलाई थांबवून मान वर केली. दारात एक लंबूटांग. चष्मा कपाळावर, पायात दोन वेगळ्या चपला. ओळख ना पाळख... आणि वर हुकूम!

"का? दुकान तुमच्या बापाचं आहे?"

"खाली आमची लॅब आहे. केसाहून हजारपट बारीक कणावर मी लेझर सोडतो. परत येणाऱ्या उजेडातून तो कण कसा आहे ते शोधतो. तुमच्या मशीननं टेबल हादरतं... सिग्नलमध्ये कणाऐवजी तुम्हीच दिसता!"

"मग बघू नका ना."

मावशीचं दुकान. मावशी तोंडात टाचण्या धरून हसली.

तेव्हापासून डोक्याला ताप. लॅबच्या दारावर लाल दिवा पेटला की लेझर चालू, आणि लेझर चालू की हा जिन्यात हजर. "जरा हळू..." गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं, आणि हा चिंध्या बोटांत घोळवत उभा! भिजून आला की केसांतलं पाणी थेट तिच्या कापडावर. ती ओरडायची. हा बाहीने पुसायचा — डाग आणखी पसरायचा.

मग एकदा उड्या मारतच आला.

"जमलं! टेबलाची थरथर वेगळी मोजतो आणि सिग्नलमधून वजा करतो. मशीन कसंही चालवा. आता त्रास द्यायला येणार नाही."

"सुटले बाई!" ती म्हणाली. आणि सुईत दोरा काही जाईना.

आठवडाभर जिना गप्प. तिने पेडल मुद्दाम वेडंवाकडं हाणलं. धडधड... थांब... धाड! कोणी आलं नाही.

"अगं, मोडशील ते!" मावशी वैतागली.

दोरे आणायच्या निमित्ताने ती खाली जायची. लाल दिवा चालू, दार बंद. मेला!

एका दुपारी मात्र दिवा बंद होता. ती वर येऊन बसते न बसते, तोच जिन्यात पावलं.

"मशीन... फार हादरतंय. सिग्नल पार बिघडला."

"लाल दिवा बंद आहे."

"अं?"

"लेझरच चालू नाही. मग मी दिसले कुठे?"

त्याचे कान लालबुंद. "सिग्नल एकदम स्वच्छ झाला हो... तुम्ही कुठेच नाही त्यात. मला — करमेना."

मावशीला उगाचच खोकला आला.

"हे आठवड्यापूर्वी सांगता येत नव्हतं? पेडल बडवून गुडघे गेले माझे!"

"म्हणजे तुम्ही मुद्दाम..."

"गप्प! बसा त्या स्टुलावर."

तो बसला. तिने दोरा दाताने तोडला आणि मशीन बंद केलं... कोणी न सांगता.

"हं. आता बोल."