दहा वाजताची बोंब

“ओरडला! परत ओरडला!” सोमेश्वर पोह्यांची ताटली तशीच टाकून धावला.

आबांच्या खोलीत भिंतीजवळचा इन्व्हर्टर कर्कश टूं-टूं करत होता. तृप्ती आधीच तिथे पोहोचली होती. तिने पहिल्यांदा आबांकडे पाहिलं. नाकात नळी होती आणि खाटेजवळचं ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. मग तिने स्वयंपाकघरात डोकावलं. तिथला बल्ब इन्व्हर्टरवर नव्हता, थेट लाईटवर होता. तो चक्क जळत होता!

“लाईट आहे की! मग लाईट गेली म्हणून हा का बोंबलतोय?”

“येडा झालाय तो,” कल्याणकाका वैतागून म्हणाले. “तातेराव मिस्त्री दोनदा येऊन गेला. बॅटरी बदला म्हणतो, दुसरं काय येतंय त्याला!”

काकांनी ओसरीवरच्या गोणीतून वेचणीचा कापूस ओढला, इन्व्हर्टरच्या जाळीत कोंबला आणि वरून चिकटपट्टी मारली. आवाज एकदम मेला.

“झालं! आता आबांना झोप तरी लागंल.”

“काका, पण खरंच लाईट गेली आणि बॅटरी संपत आली, तर कळणार कसं?”

“तू आता मोठ्यांना शिकवून राह्यली का? दिवाळीची सुट्टी हाय, जा, खेळा!”

तृप्तीला असा राग आला! अंबडच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, मशीन दहा मिनिटंसुद्धा बंद पडता कामा नये. पोळ्याच्या दिवशी एकदा ते बंद पडलं होतं, तेव्हा आबांचे ओठ निळे झालेले तिने पाहिले होते. 

“आपणच शोधू,” ती म्हणाली.

जालन्याहून सुट्टीला आलेला तिचा चुलतभाऊ सोमेश्वर एका पायावर तयार झाला. शेजारच्या शेतातली प्रीती तर बोलवायच्या आधीच हजर! इन्व्हर्टर आता मुका असला, तरी बॅटरीवर गेला की त्याचा पिवळा दिवा लागायचा. तो लागला की प्रीती कॅलेंडरवर वेळ लिहायची.

तीन दिवस झाले. तिन्ही दिवस एकच वेळ, सकाळी दहा!

“दहाला तर थ्री-फेज येते,” प्रीती म्हणाली.

“ती काय असते?” सोमेश्वरने विचारलं.

“अय्यो, शहरातला हुशार! मोटारींची लाईट रे! ती आल्याशिवाय विहिरीवरच्या मोटारी चालत न्हाईत.”

चौथ्या दिवशी दहाच्या आधीच तिघं विहिरीवर जाऊन बसली. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. तरीही बरोबर दहाला लोखंडी पेटीत खट्ट झालं आणि मोटार आपोआप सुरू झाली! पलीकडच्या विहिरीवर खट्ट! त्याच्या पलीकडेही खट्ट!

“भूत!” सोमेश्वर ओरडला.

“भूत कशाचं? ऑटो हाय ते!” प्रीती हसत सुटली. “लाईट आली की मोटार आपोआप चालू. कोणाला यायला नको, बटण दाबायला नको.”

सोमेश्वर मात्र हसला नाही. “थांब, थांब! आमच्याकडे आईने मिक्सर लावला की ट्यूब फडफडते. इथे तर सगळ्या मोटारी एकाच सेकंदाला उठतात. घरातली लाईट एकदम कमी होत असणार, आणि इन्व्हर्टरला वाटतं, गेलीच!”

“आणि तो उगाच बॅटरी जाळत बसतो!” तृप्तीने टाळी वाजवली.

तेवढ्यात घरांना आणि मोटारींना लाईट पुरवणाऱ्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, फट्ट असा आवाज झाला. धूर निघाला आणि सगळ्या मोटारी थांबल्या.

“फ्यूज उडाला. वायरमन येईल दुपारपर्यंत,” प्रीती म्हणाली. असं नेहमीच व्हायचं. तिघं प्रत्येक विहिरीवर जाऊन पेट्या बघत फिरली. सातच्या सात ऑटोवर! तासभर कसा गेला, कळलंसुद्धा नाही.

शेवटच्या विहिरीवर तृप्ती एकदम थबकली. तिचा चेहरा पांढरा पडला.

“प्रीती, लाईट दहापासून गेलीय. आणि इन्व्हर्टरच्या तोंडात कापूस आहे!”

तिघं जीव खाऊन पळत सुटली. घरी आबांशिवाय कोणी नव्हतं. आई वेचणीला लांबच्या शेतात गेली होती, काका चौकात चहाला. खोलीत इन्व्हर्टरचा, बॅटरी संपत आल्याचा लाल दिवा गुपचूप लुकलुकत होता. तृप्तीने चिकटपट्टी टराटरा ओढली. टूं-टूं-टूं-टूं! आता तो थांबेचना.

“बाकीचं सगळं बंद करा! जल्दी!”

कोणी बघत नसलेला टीव्ही, दोन पंखे, वर काकांनी चार्जिंगला लावलेला फवारणीचा पंप! प्रीतीने सगळं उपटून काढलं. कोपऱ्यात ऑक्सिजनचा जादा सिलिंडर उभा होता, पण तो उघडायची चावी? काकांच्या जुडग्यात, काकांच्या खिशात! सोमेश्वर बाणासारखा सुटला.

चार मिनिटं गेली. पाच. मग मशीनची घरघर थांबली.

“आबा, हळूहळू श्वास घ्या. मी इथंच आहे,” तृप्ती म्हणाली. तिला रडू फुटत होतं. आबांनी तिचा हात घट्ट धरला. त्यांचे ओठ निळसर होऊ लागले.

काका अनवाणीच धावत आले. घाईघाईत त्यांच्याकडून चावी बसेना. तृप्तीने ती त्यांच्या हातातून घेतली. आई कशी लावते, ते तिने कितीदा पाहिलं होतं. चावी बसवली, फिरवली, नळी जोडली. सूंऽऽ करत हवा आली.

काका खाटेच्या पायाशी बसून लहान पोरासारखे रडले.

संध्याकाळी सातही विहिरींचे मालक ओसरीवर जमले. प्रीतीने कॅलेंडर पुढे केलं, सोमेश्वरने मिक्सरची गोष्ट सांगितली. काही जण कुरकुरले, ऑटो काढलं तर रोज विहिरीवर कोण जाणार? तेव्हा प्रीतीचे वडील राजानंद उठले.

“माझ्या मोटारीचं ऑटो मी आत्ताच काढतो. पोरींनो, पोरा, जे आम्हाला दिसायला पाहिजे होतं, ते तुम्ही बघितलं. शाब्बास!”

काकांनी तर आपलं ऑटो कधीच उपटून खिशात टाकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मोटारी हाताने, एकामागून एक सुरू होऊ लागल्या. दहा वाजून गेले, इन्व्हर्टर गप्प! आबांनी तृप्तीला जवळ बोलावलं. त्यांना जास्त बोलवत नव्हतं.

“माझा श्वास तू राखलास, बाई,” एवढंच ते म्हणाले.

दोन दिवसांनी सगळे चहा पीत असताना इन्व्हर्टर ओरडला. स्वयंपाकघरातला बल्ब विझलेला होता. तृप्ती उठायच्या आत कप पालथा झाला, आणि आबांच्या खोलीकडे सगळ्यांत आधी कल्याणकाका पळाले.