वेनी

आता बघा, कुठं लॅटिन भाषा आणि कुठं आमचं डिंगोरे गाव! पण स्नेहाचं घर त्या भाषेवरच चालायचं. चहाच्या मगांवर, भेटकार्डांवर छापायला इंग्रजी म्हणी आणि रामराम-नमस्कार लॅटिनमध्ये करून द्यायचे, घरबसल्या लॅपटॉपवर. नवरा गेल्यापासून सात वर्षांची लेक समृद्धी हेच तिचं जग.

त्या दिवशी चारच्या सुमाराला ती पोरीला घेऊन माळावर गेली. तिथं एका मडमेची जुनी कबर आहे, दगडावर लॅटिन ओळी. एखादा शब्द कामाला येईल म्हणून तिनं फोटो काढले. निघताना सहज गंमत म्हणून ती दगडाला म्हणाली, "वाले!"

"म्हंजे काय गं?"

"गुडबाय. जाते आता."

समृद्धीनं डोळे वटारले. "जाते नाय म्हणायचं, येते म्हणायचं! आजी रागावती."

खरंच की! स्नेहाला हसू फुटलं. दगडाकडं वळून ती लॅटिनमध्येच म्हणाली, "वेनियो." येते हं.

वारा पडलेला होता. कबरीवरचं गवत मात्र हललं.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली. तिच्या सासूबाई लंकाबाई गोठ्यात धार काढत होत्या. स्नेहानं चहा ठेवला. आतल्या खोलीत पोर गुणगुणत होती, "वेनी... वेनी..."

"दिवेलागणीला वेनी घालत नस्त्यात, बाय!" लंकाबाई गोठ्यातूनच ओरडल्या.

स्नेहाचा हात जागीच थांबला. हा शब्द तिनं पोरीसमोर कधी उच्चारला नव्हता. लॅटिनमध्ये वेनी म्हणजे 'ये'. बोलावणं.

"समू, कुणी शिकवलं हे?"

"ती म्हणाली... दगडामागची."

अगं बाई! धावत जाऊन स्नेहानं पुढच्या दाराला कडी घातली. बोलावते तर बोलावू दे. पोरीला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू द्यायचं नाही, बस्स.

कडीवर हात असतानाच तिला आठवलं. 'वे' आखूड म्हटला तर 'ये'. लांब ओढला तर अर्थच निराळा.

"समू... कशी म्हणाली ती? तसंच म्हणून दाखव."

"वेऽऽनी."

लांब. म्हणजे 'आले मी'.

समृद्धी आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. सकाळी न्हाऊन मोकळे सोडलेले तिचे केस आता घट्ट विणलेले होते. वेणीच्या टोकाला वाळक्या गवताची गाठ. खोलीत ओल्या मातीचा वास भरला होता.

"आई, लई ओढून घातलीय गं. दुखतंय."

स्नेहानं हात जोडले. "वाले," ती कशीबशी म्हणाली. "वाले... जा गं बाई. एकच पोर आहे माझी..."

"जाते नाय म्हणायचं..." स्नेहाच्या पाठीमागून आवाज आला. समृद्धीचाच, पण सावकाश, एकेक अक्षर चाचपत. "येते... म्हणायचं."

समृद्धी समोर उभी होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.