राखीव जोडीचे हातमोजे

ती वजनकाट्यावर उभी राहिली ती फक्त काटा बरोबर चालतोय ना, हे बघायला. बस, एवढंच! दुपारी सगळ्या बॉक्सर्सची वजनं व्हायची होती आणि ऐनवेळी काट्यानं दगा दिला असता तर बाबांची शोभा झाली असती. म्हणून तिनं चपला काढल्या, पर्स आत्याकडे दिली आणि काट्यावर पाय ठेवला. तेवढ्यात समोरच्या भिंतीएवढ्या पडद्यावर तिचं वजन झळकलं.

खुर्च्या मांडणारे थांबले. रिंगच्या दोऱ्या ताणणारे थांबले. आकडा इथं सांगत नाही. तिनं शपथ घातली आहे.

"वा! एकदम स्वच्छ दिसतोय," मागून कुणीतरी आनंदानं ओरडलं. "कॅमेरा जरा डावीकडे घ्या, शेवटचा आकडा कापला जातोय."

ती गर्रकन वळली. गळ्यात हेडफोन, खांद्यावर केबलचं वेटोळं, आणि केस असे की कंगव्याशी जन्माचा अबोला. टीव्ही चॅनेलचा फ्लोअर मॅनेजर होता तो. थेट प्रक्षेपणाच्या वेळी हॉलमध्ये कुणी कधी हलायचं, कधी थांबायचं, हे बोटांनी सांगणारा माणूस.

"बंद करा ते!"

"काय?"

"पडदा!"

त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे... आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या. "सॉरी, सॉरी! मला वाटलं, तुम्ही बॉक्सर आहात."

"अगं बाई," आत्या म्हणाली, "हा तर आगीतून फुफाट्यात पडला."

"असं? कुठल्या वजनगटातली वाटले?" तिनं कमरेवर हात ठेवून विचारलं.

"उत्तर दिलं तर... मी उद्यापर्यंत जिवंत राहीन का?"

तिला रागवायचं होतं हो, मनापासून रागवायचं होतं. पण हसू आलं ते आलंच.

बाबा बॉक्सिंगच्या लढती भरवायचे. हॉल, पोस्टर, पाहुणे हे त्यांचं खातं, तिकिटं आत्याकडे, आणि कुणाची लढत कुणाशी लावायची, ते सगळं लेकीकडे. तोडीस तोड जोडी लावायची, हा तिचा हट्ट. एकानं मारायचं आणि दुसऱ्यानं नुसतं खायचं, याला ती लढत म्हणत नसे, धुलाई म्हणे. पण हल्ली लोक घरीच टीव्हीसमोर बसायला लागले होते आणि हॉलच्या मालकानं फर्निचरच्या दुकानवाल्याला जागा दाखवूनही झाली होती. मग बाबांनी चॅनेलचे उंबरठे झिजवले, तेव्हा कुठं एक संध्याकाळ मिळाली. प्रक्षेपण रंगलं तर वर्षभराचा करार, नाही तर बाबांचा गाशा गुंडाळलेलाच. दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नव्हतं.

आणि त्या दोन दिवसांत तो फ्लोअर मॅनेजर मात्र दर थोड्या वेळानं काहीतरी विचारायला येत होता. दिवा इथं चालेल का? टेबल तिथं चालेल का? आत्यानं त्याचं नावच ठेवलं – दहा-नऊ-आठ. कारण तो सारखा उलटे आकडे मोजायचा.

"आलं बघ तुझं दहा-नऊ-आठ."

"माझं काय, आत्या!"

"बरं, माझं. मी केस नीट करून येते."

लढतींच्या संध्याकाळी त्यानं तिला कपडे बदलायच्या खोलीत गाठलं. "राखीव जोडी तयार आहे?"

राखीव जोडी म्हणजे काय, तर टीव्हीची सोय. एखादी लढत लवकर आटोपली, तर उरलेल्या वेळात दाखवायचं काय? म्हणून दोन बॉक्सर्स हातांना पट्ट्या बांधून, हातमोजे चढवून, वर चिकटपट्टी आणि त्यावर पंचांची सही, असे नुसते बसवून ठेवायचे. बोलावणं येईल तेव्हा येईल, नाही तर नाही. आजचे दोघं म्हणजे एक बेकरीवाला आणि एक शाळेच्या बसचा ड्रायव्हर. हातमोजे चढले की माणसाला पाणीसुद्धा स्वतःच्या हातानं पिता येत नाही. ती बेकरीवाल्याला पाणी पाजत होती.

"ताई, नाक," ड्रायव्हर कळवळला. "नाक खाजतंय हो."

तिचे दोन्ही हात गुंतलेले. मग टीव्हीवाला पुढं झाला आणि मोठ्या गंभीरपणे त्यानं ड्रायव्हरचं नाक खाजवलं. "इथं? की जरा वर?"

"हे तुमच्या कामात येतं?" तिनं विचारलं.

"हो मॅडम."

"मला मॅडम नका म्हणू."

"तुम्हाला नाही... कानातल्या मॅडमना." त्यानं कानातल्या यंत्राकडे बोट दाखवलं. बाहेर उभ्या असलेल्या व्हॅनमधून त्याच्या मॅडम सगळं चालवत होत्या. "तुम्हाला काय म्हणू, ते अजून ठरवतोय."

"लवकर ठरवा. उद्या सामान बांधून जाणार ना तुम्ही?"

"करार झाला तर दर महिन्याला येईन," तो म्हणाला. आणि बोलून गेल्यावर उगीच केबल गुंडाळत बसला. केबल आधीच गुंडाळलेली होती.

झालं! आता तिला तो करार बाबांसाठी हवा होता आणि थोडासा... स्वतःसाठीही.

त्या संध्याकाळी एकही लढत लवकर संपेना. राखीव जोडी बसून बसून कंटाळली, बोटं आखडली, ड्रायव्हरचा तर चेहरा बघवेना. शेवटी मुख्य लढतीची वेळ झाली तेव्हा ती टीव्हीवाल्याकडे गेली.

"यांचे हात सोडवू या ना आता."

"नियम आहे... मुख्य लढत अर्ध्यावर जाईपर्यंत यांना सोडायचं नाही."

"अहो, ही जोडी मी लावली आहे. शेवटच्या फेरीपर्यंत जाणार, लिहून घ्या." तिनं सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "माझ्यावर भरवसा नाही?"

आता सांगा, अशा प्रश्नाला कुठला पुरुष 'नाही' म्हणेल? खरं तर त्यानं बटण दाबून मॅडमना विचारायला हवं होतं. बोट बटणावर गेलंही होतं. पण त्यानं ते काढलं आणि हळूच म्हणाला, "काढा."

कात्री चालली, पट्ट्या सुटल्या. ड्रायव्हरनं दोन्ही हातांनी नाक चोळलं. बाहेर घंटा झाली.

मुख्य लढतीत एका बाजूला होता तो बॉक्सर, ज्याला लोक 'भिंत' म्हणत. त्याला आजवर कुणी पाडलं नव्हतं. लोक अजून खुर्च्या शोधत होते. समोरच्याचा एक ठोसा आला आणि भिंत धाडकन आडवी झाली. मोजणी संपली, तसा तो उठून हनुवटी चोळत विचारू लागला, "काय झालं?"

हॉलमध्ये एकच जल्लोष उठला. आणि आत, दाराशी, या दोघांच्या पायाखालची जमीन सरकली. पडद्यावर तोच ठोसा पुन्हा पुन्हा दिसत होता. टीव्हीवाल्याच्या कानात मॅडमचा आवाज इतका मोठा झाला की तो तिलाही ऐकू आला: "राखीव जोडी पाठव!"

"पुन्हा बांधायला किती वेळ?" त्यानं विचारलं.

"पट्ट्या, तपासणी, हातमोजे... चहा होऊन कप विसळून होतील एवढा." ती म्हणाली. "आणि तेवढा वेळ टीव्हीवर काहीच नसलं तर?"

"तर मी घरी. आणि तुम्ही फर्निचर विकत."

बाबा रिंगच्या कडेला उभे होते, तिच्याकडे बघत. त्यांना अजून काहीच ठाऊक नव्हतं. त्यांच्या त्या निर्धास्त चेहऱ्यावरून तिनं नजर काढून घेतली. पण रडायला वेळ कुठं होता?

"कॅमेरा आत आणा," ती म्हणाली.

"काय?"

"पट्ट्या बांधताना दाखवा. ठोसा सगळ्यांनी पाहिलाय, ठोशाआधीचा हात कुणी पाहिलाय? आणा लवकर!"

त्यानं एक श्वास घेतला आणि बटण दाबलं. "मॅडम, राखीव जोडी तयार नाही. चूक माझी. कॅमेरा आत घेतोय, ओरडायचं ते नंतर ओरडा."

चूक माझी! तिच्याकडे न बघता, नाव न घेता म्हणाला तो. इथंच, औषधी तेलाच्या उग्र वासात, ती प्रेमात पडली. आतापर्यंत नुसती घसरत होती.

कॅमेरा आला. दहा, नऊ, आठ... बोटं मिटत गेली आणि शेवटचं बोट तिच्याकडे वळलं. तिच्या तोंडून शब्द फुटेना. तसा तो कॅमेऱ्याच्या मागं जाऊन उभा राहिला आणि ओठांनीच म्हणाला – मला सांगा.

मग तिनं त्यालाच सांगितलं. पट्टी फिरवता फिरवता सांगितलं, की हा बेकरीवाला, पीठ मळून मळून याची मनगटं बघा कशी झालीत. आणि हा शाळेची बस चालवतो. मुलं मागं कितीही धिंगाणा घालू देत, हा आवाज चढवत नाही. सगळा राग साठवून इकडं आणतो.

"एक घाईचा, एक सबुरीचा," ती म्हणाली. "एकाकडं जे नाही ते दुसऱ्याकडं आहे. म्हणून ही जोडी लावली." आणि बोलता बोलता तिची नजर कॅमेऱ्यावरून वर, त्याच्यावर गेली. तो पुढचा इशारा द्यायचाच विसरला.

"ताई," ड्रायव्हर मध्येच म्हणाला, "दुसरा हात बांधायच्या आधी नाक खाजवून घेऊ?"

बाहेर पडद्यावर बघणारा अख्खा हॉल खो खो हसला. आणि दोघं बॉक्सर रिंगकडे निघाले तेव्हा लोक उभे राहून ओरडत होते, कारण आता ही त्यांची ओळखीची माणसं होती. लढत शेवटच्या फेरीपर्यंत गेली आणि पंचांनी बरोबरी दिली.

हॉल रिकामा झाल्यावर व्हॅनमधून मॅडम उतरल्या. एवढ्याशा बाई, खांद्यावर शाल, हातात थर्मास. बाबा हात चोळत पुढं आले.

"वर्षभराचा करार," मॅडम म्हणाल्या. "आणि पट्ट्या बांधणं दर वेळी दाखवायचं. तुमची मुलगी बोलेल."

बाबा मटकन रिंगच्या पायरीवर बसले.

"दादा, रडताय काय?" आत्यानं विचारलं.

"डोळ्यात घाम गेलाय."

"मात्र," मॅडमनी फ्लोअर मॅनेजरकडे बोट केलं, "हा इथं नको. याला सकाळच्या व्यायामाच्या कार्यक्रमावर पाठवतेय."

"पण चूक माझी होती!" ती मध्येच बोलली. "मीच सांगितलं त्यांना हात सोडायला."

"ठाऊक आहे. म्हणून तर! उद्या तू म्हणालीस, तर हा माझा अँटेनासुद्धा काढून देईल." एवढं बोलून मॅडम थर्मास घेऊन चालू लागल्या.

करार झाला आणि तो मात्र गेला! तिला हसावं की रडावं कळेना. तो खाली मान घालून केबल गुंडाळत होता.

"मी बोलते मॅडमशी," ती म्हणाली.

"नको. बरोबर बोलल्या त्या."

"काय बरोबर?"

"मला तुम्हाला नाही म्हणता येत नाही." त्यानं वर पाहिलं. "तुम्ही... तुम्ही मला फार आवडता. आज नोकरी जाणार असं वाटलं तेव्हाही पहिला विचार आला, की आता ही परत दिसणार नाही."

"मी संध्याकाळपासून मनात मांडे खात होते," ती म्हणाली. "दर महिन्याला याल म्हणून."

"कामासाठी येणं तर संपलं. मग... काम नसताना आलो तर?"

"कधी?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा. उद्या?"

"आज काय वाईट आहे? मला भूक लागलीय. दोन दिवस जेवले नाहीये."

"आज? आत्ता? नाही हो, आत्ता कुठलं हॉटेल उघडं..."

"बघ!" ती टाळी वाजवून म्हणाली. "येतं की तुला नाही म्हणता!"

"नाही, नाही! म्हणजे हो!" त्यानं घाईघाईनं केबल खाली टाकली. "आज, आत्ता. आणि उद्याही."

"आणि परवा?"

"परवाही."

"मग चल," ती म्हणाली आणि तिनं त्याचा हात धरला.