गिरणेच्या पाण्यात हिलाल

पाचोऱ्याच्या स्टँडवर भडगावची गाडी लागली की माणसांच्या आधी रुमाल चढायचे. खिडकीतून सीटवर रुमाल पडला की जागा आपली, हा तिथला कायदा. त्या दिवशी सलोमी भालेराव गर्दीतून आत शिरली, तेव्हा एकच सीट मोकळी होती आणि तिच्यावर निळा रुमाल. मालकाचा पत्ता नाही. शेजारची म्हातारी म्हणाली, "बस ना माय, कोनी नही शे." पण सलोमी कसली बसते! चर्चच्या पाळकाची लेक, त्यातून शाळेत बाई. स्वतः बसली नाहीच, वर दुसऱ्या कोणालाही बसू दिलं नाही.

गाडी सुटता सुटता रुमालवाला धापा टाकत चढला. हिलाल त्याचं नाव. स्टँडजवळ मोटार रिवाइंडिंगचं दुकान, हाताला वॉर्निशचा वास.

"माझी जागा राखलीत तुम्ही?"

"रुमाल तुमचा होता ना — मग?"

"मग आता बसा."

"नको... जागा तुमची."

"माझी आहे म्हणूनच देतोय, बाई," तो म्हणाला, आणि स्वतःच इतका लाजला की भडगाव येईपर्यंत बाहेरच्या कपाशीकडेच बघत राहिला.

मग काय, दोघांची कामं पाचोऱ्यात, घरं भडगावात; रोज तीच गाडी. श्रावणात खिडकीतून शिंतोडे यायला लागले की तो गप्पा मारता मारता तिच्या चेहऱ्यासमोर आपला तळहात आडवा धरायचा, आणि सलोमीला पाऊस सोडून त्या तळहाताकडेच बघावंसं वाटायचं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

घरी मात्र गाडं अडलं. हिलालची आई, शेवंताबाई, रडून रडून शेवटी हो म्हणाली. सलोमीचे वडील रडले नाहीत, चिडलेही नाहीत. ख्रिस्ती मंडळीबाहेर मुलगी देणार नाही, एवढंच शांतपणे म्हणाले.

दिवाळीनंतर एकदा हिलाल गाडीत आला तो खुशीत. महिनाभर गुपचूप तिच्या वडिलांकडे बाप्तिस्म्याचे धडे शिकत होता म्हणे. रविवारी गिरणा नदीत बाप्तिस्मा, आणि नाताळानंतर लग्न. पाळकसाहेबांचा शब्द मिळाला होता.

सलोमी त्याच्याकडे वळली. "विश्वास बसला तुझा? खरंच?"

"तुझ्यावर बसलाय ना! एकदा 'होय' म्हणायचं, एक बुडी मारायची... तू माझी. कोणाचं काय बिघडतं?"

ती काही बोलली नाही. आणि खरं सांगायचं तर तिला बोलायचंही नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं, बास! वडील खूश, मंडळी खूश, हिलाल जन्माचा जवळ. तिने मनातल्या मनात लग्नाची पांढरी साडीसुद्धा निवडून टाकली.

शनिवारी मंडळीतल्या मुलांना ती शास्त्रातला धडा शिकवत होती. सैतान येशूला उंच डोंगरावर नेतो, जगातली सगळी राज्यं दाखवतो आणि म्हणतो, एकदाच माझ्यापुढे वाक, हे सगळं तुझं. सांगता सांगता ती मध्येच अडली. एकदाच वाक. एकच बुडी. तिलाही तेच तर दाखवलं होतं कोणीतरी! डोळे मिटून तिने प्रार्थना केली, आणि उठून तडक पाचोऱ्याची गाडी धरली.

दुकानाच्या दारातच तिने सांगून टाकलं. "माझ्यासाठी देवाशी खोटं बोललास, तर मी तुझी होणार नाही, हिलाल."

"आणि खरं बोललो तर तुझे वडील देतील?"

"नाही देणार..." तिला रडू फुटलं. "तरी खरंच बोल."

त्याने मान फिरवली. परत जाताना ती सीटवर बसून रडली.

रविवारी हिलाल नदीवर आला. सलोमी काठावर मंडळीत उभी होती. त्याचं 'होय' असो की 'नाही', तो तिच्या हातून जाणारच होता. तो सरळ कमरेएवढ्या पाण्यात, पाळकसाहेबांसमोर जाऊन उभा राहिला. काठावर मंडळीचं गाणं थांबलं. पाळकसाहेबांनी विचारलं, "मनापासून विश्वास धरतोस?"

"नाही, साहेब."

काठावर कुजबुज उठली.

"तुमच्या देवाची माझी अजून ओळख नाही. तुमच्या पोरीची आहे. ती म्हणाली, खोटं बोलू नको. म्हणून सगळ्यांसमोर खरं सांगायला आलो."

पाळकसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "लग्नाचं मी आज बोलत नाही. उपासनेला येत जा, मागे बसत जा, मनाला पटेल तेव्हाच या पाण्यात ये. पण तू माझ्या पोरीला फसवणार नाहीस, एवढं मला कळलं." आणि ते काठाकडे वळले.

"सलोमी, तुझं याच्यावर प्रेम आहे?"

सगळी मंडळी तिच्याकडे बघत होती. कानापर्यंत लाल झाली ती... पण मान खाली घातली नाही.

"होय, बाबा. वाट बघेन मी."

पाळकसाहेब पाण्यातून बाहेर आले. हिलाल मात्र तिथेच उभा, तिच्याकडे बघत. थंडीने दात वाजत होते, पण बाहेर यायचं काही त्याला सुचेना.