दुसरं चॅनेल

हुपरीला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये सगळ्यांचे फोन एकदम वाजले, आणि माझा तेवढा वाजला नाही. मी हुपरीच्या शाळेत नुकतीच लागले होते. आभाळ कुंद, काचा ओल्या... आणि शेजारी एक अनोळखी तरुण, गालात हसणारा.

“चांदीचा दर पडला,” तो म्हणाला. “तुमी सबस्क्राइब न्हाई केलं?”

“कशाला?”

“आमच्या चॅनेलला. मी दर एकदाच टाकतो. पुढं कुणाकुणाला धाडायचा ते सर्व्हर बघतोय. अ‍ॅप कुठलंबी चालतंय.”

“मास्तरीणबाईला चांदीचा दर काय करायचाय?”

“मग दुसरं चॅनेल घ्या की. त्यात माझ्या मनात येईल ते असतंय.”

त्याचं नाव सम्मेद. मामाच्या पैंजणांच्या कारखान्यात कामाला होता. त्यानं चॅनेलचा पत्ता दिला आणि मी – घरचे जिला फटकळ भैरवी म्हणतात ती मी – निमूटपणे सबस्क्राइब केलं.

त्यावर काय काय यायचं... ‘जोतिबाच्या डोंगरावर ढग उतरलाय. एकट्यानं बघवत न्हाय.’ ‘निळा रंग कुणाला इतका शोभू नये.’ त्या दिवशी मी निळी साडी नेसले होते, पण बसमध्ये रोज आमच्यासोबत येणारी दीपाही निळ्या ओढणीत होती, आणि ती दिसायला माझ्यापेक्षा उजवी. मी दिवसभर जळत राहिले. सगळं गाव वाचतंय, तिथं आपण काय उत्तर द्यायचं? माझ्यासाठी म्हणून त्यानं एक शब्द वेगळा पाठवावा, एवढीच माझी आस होती. तो शब्द आला नाही.

आमचं ‘तुमी’चं ‘तू’ झालं आणि तिथंच अडलं. मग घरच्यांनी साताऱ्याचं स्थळ आणलं. रविवारी सुपारी फुटली.

सोमवारी बसमध्ये मी त्याला पेढा दिला. त्यानं तो नुसता हातात धरला.

“चांगलं झालं,” तो खिडकीकडं बघत म्हणाला.

मला रागच आला. “सगळ्या गावाला लिहीत होतास. मला एकटीला एक ओळ पाठवली न्हाईस.”

“गावाला चांदीचा दर लिहीत होतो.” तो म्हणाला. “दुसऱ्या चॅनेलचा पत्ता मी कुणाला दिलाच न्हाय, भैरवी. सबस्क्राइब केलेली तू एकटी हाईस.”

“मग... सरळ का न्हाय पाठवलंस?”

“सरळ पाठवलं की उत्तर मागितल्यागत होतंय. तू न्हाय म्हणाली असतीस तर? म्हणून नुसतं लिहीत ऱ्हायलो. तू गप्पच. मग मी काय समजायचं ते समजलो.”

माझं त्याच्यावर प्रेम होतं. ठरलेलं लग्न मोडायचं धाडस माझ्यात नव्हतं, आणि ‘मोड’ म्हणायचं त्याच्यात.

हुपरीचा स्टँड आला. “आता ते बंद कर,” मी म्हटलं. त्यानं माझ्यासमोरच फोनवर बोट दाबलं. चॅनेल काढून टाकलं की सबस्क्राइब केलेल्यांना सर्व्हर तसं कळवतो. माझ्या हातातला फोन थरथरला.

“मिळालं?” त्यानं विचारलं.

“मिळालं.”

त्याच्या एवढ्या लिहिण्याला मी दिलेलं ते पहिलं उत्तर.