मागच्या दाराचा भोंगा

रविवारी सकाळी फोन वाजला तेव्हा एफुआला वाटलं, शेजारच्या खोलीत वाजतोय. तिच्या फोनची वाजायची सवयच मोडली होती. मुलगा मँचेस्टरला, त्याला आईची आठवण महिन्यातून एकदा यायची, आणि तीसुद्धा घाईत असताना.

“आंटी, मी डुल्से. मला कामावरून काढतायत.”

“कोण काढतंय? आधी नाक पूस, मग बोल.”

“मॅनेजर थ्रेल. म्हणतो, काल भोंगा मीच वाजवला. मंगळवारी चौकशी आहे. सोबत एक माणूस आणता येतो म्हणे. मला इथे दुसरं कोण आहे, आंटी?”

एफुआने चहा तसाच ठेवला आणि कोट चढवला.

कॅम्बरवेलच्या ओरिओल सिनेमा थिएटरात एफुआ अन्सा डोअरकीपर होती. तिकिटं फाडायची, अंधारात बॅटरी दाखवायची, खेळ सुटला की झाडू मारायचा. घानाहून आली तेव्हापासून हेच. पगार असा, की खोलीचं भाडं दिलं की उरलेल्यात लंडन लांबूनच बघायचं. म्हणून तर संप होता. जगता येईल एवढा पगार द्या, बाकी काही नको. अधूनमधून एकेक दिवस काम बंद ठेवून सगळे थिएटरच्या दारापुढे उभे राहायचे, ढोल बडवायचे, येणाऱ्यांना सांगायचे, आज आत जाऊ नका.

आणि आता कुठे मालक बोलणी करायला तयार झाले होते. तेवढ्यात शनिवारी, संप चालू असतानाच, आगीचा भोंगा झाला आणि बोलणी अडली.

कोपऱ्यावरच्या पोर्तुगीज कॅफेत डुल्से कस्टर्डची पेस्ट्री बोटाने नुसती कुस्करत बसली होती. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची पोर, जेमतेम पंचविशीची, डोळे सुजून लाल.

“आता वकील विचारेल तसं विचारते,” एफुआ म्हणाली. “रडायचं नाही. काल संध्याकाळी काय झालं?”

“वरच्या हॉलमध्ये बड्या लोकांचा खास खेळ होता. आपण सगळे पुढच्या दारात. हेड ऑफिसची माणसं आत थिएटर चालवत होती. एकदम मागच्या दाराचा भोंगा झाला. सगळी गर्दी जिन्यावरून खाली धावली आणि एक बाई पडली. मनगट मोडलं तिचं.”

“तू कुठे होतीस?”

“मागच्या गल्लीत. कॅमेऱ्यात दिसतेय मी. दोन नंबरच्या हॉलच्या मागच्या दारापाशी.”

“तिथे काय करत होतीस?”

डुल्सेने मान खाली घातली. “आईचा फोन होता. ढोलामुळे ऐकू येईना. आणि... तिला मी सांगितलंय की मी इथे मॅनेजर आहे. ते सगळ्यांसमोर कसं बोलू?”

एफुआने तिच्यापुढे कागदी रुमाल सरकवला. तिनेही आपल्या आईला अशीच एक थाप मारली होती, आणि आई ती खरी मानून गेली.

“मग? दार उघडलं?”

“हातभर उघडलं. आतली ऊब लागली मला. त्याच क्षणी भोंगा. आणि दार धाडकन बंद झालं.”

“बाहेर कोण आलं?”

“कोणीच नाही.”

“नक्की?”

“देवाशपथ, आंटी. मी तिथेच होते ना! दार उघडलं आणि कोणीच आलं नाही.”

ते दार बाहेरून उघडत नाही, हे थिएटरात सगळ्यांना ठाऊक. म्हणजे आत कोणीतरी होतं. थ्रेलचं म्हणणं, ती डुल्सेच होती. आतून दार ढकललं आणि गल्लीत उडी मारली.

“मला कोणी काही विचारलंसुद्धा नाही,” डुल्से म्हणाली. “ट्रॉटमनकाका असते तर त्यांनी तरी विचारलं असतं. काल तेसुद्धा आले नाहीत. दर संपाला चहाचा फ्लास्क घेऊन येतात. ‘माझे कान द्या’ म्हणणारं कोणी नाही म्हणून कालचा दिवस कसा सुनासुनाच गेला.”

एवढ्या रडण्यात दोघींना थोडं हसू आलं. म्हातारे ग्रँटली ट्रॉटमन रोज दुपारच्या खेळाला यायचे. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी थिएटर हेडफोन देतं, तो ट्रॉटमन तिकीटखिडकीवर असा मागून घ्यायचे, ‘माझे कान द्या’ म्हणून. मूळचे बार्बाडोसचे, जन्मभर लंडनच्या बसवर कंडक्टर. बायको गेल्यापासून एकटे.

सोमवारी काम पुन्हा सुरू झालं. एफुआने आधी मॅनेजरची खोली गाठली. कॉलिन थ्रेल चेहऱ्याने वाईट नव्हता, पण वरून फोन आला की उभा राहून बोलणारा.

“दाराचा भोंगा बिघडला होता का?” तिने विचारलं.

“ठणठणीत आहे. किल्लीसुद्धा जागेवर.”

“दोन नंबरच्या हॉलवर पहारा कोणाचा होता?”

“कोणाचा असणार? माणसं कुठे होती? तुम्ही सगळे रस्त्यावर नाचत होतात!” तो चिडला. “प्रेक्षकांना पुढच्या दाराने आत, पुढच्याच दाराने बाहेर. झाडायलासुद्धा कोणी नव्हतं. शिवाय एक हेडफोन गेलाय. तोही तुमच्या पोरीच्या नावावर लावू का?”

“लावा की. ढोल ऐकायला नेला असेल तिने,” एफुआ म्हणाली आणि झाडू घेऊन निघाली.

दोन नंबरचा हॉल म्हणजे उकिरडा झाला होता. ती पुढून झाडत मागे गेली. शेवटच्या ओळीत, भिंतीतल्या हीटरजवळच्या खुर्चीखाली चहाचे कागदी पेले होते. बाकी सगळीकडे पेले लवंडलेले, चिरडलेले. इथले मात्र एकात एक नीट बसवलेले, वरच्यात चहाच्या पिशव्या गोळा करून ठेवलेल्या. एक माणूस इथे दिवसभर बसला होता, आणि झाडणाऱ्या बाईला त्रास नको एवढं त्याच्या मनात होतं. एफुआ झाडूवर हात टेकून बराच वेळ त्या खुर्चीकडे बघत राहिली.

दुपारी ती तिकीटखिडकीवर बसली. ट्रॉटमन आले, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

“शनिवारी दिसला नाहीत?” तिने मोठ्याने विचारलं.

“सर्दी, पोरी. अंथरुणातच होतो. फ्लास्क राहिला तुमचा.”

“आमच्या डुल्सेवर बालंट आलंय. त्या भोंग्यापायी. उद्या काढतील तिला.”

म्हाताऱ्याचा हात काउंटरवर थांबला. “डुल्सेला? ती ढोलवाली?”

“तीच.”

त्यांनी तिकीट घेतलं, चहा घेतला आणि काही न बोलता आत गेले. मागे रांग होती. एफुआने पुढचं तिकीट फाडलं.

खेळ संपत आला तशी ती बॅटरी घेऊन हॉलमध्ये गेली. पडद्यावर नावं सरकायला लागली की डोअरकीपरने एक काम करायचं असतं. कोपऱ्यातल्या काळ्या पडद्याआड जायचं, मागच्या दाराच्या भोंग्याची किल्ली फिरवून तो बंद करायचा, मग पडदा सारून दार उघडायचं. लोक गल्लीत उतरतात. सगळे गेले की किल्ली पुन्हा फिरवायची. हे तिने इतक्यांदा केलं होतं की हाताला कळायचं, डोक्याला नाही.

आज किल्लीवर हात ठेवला आणि ती जागीच थांबली. तिने मान वळवून खुर्च्यांकडे पाहिलं. पडद्यामुळे तिथून तिचा हात कोणालाच दिसत नव्हता.

“अगं बाई,” ती स्वतःशीच म्हणाली.

त्या संध्याकाळी ती घरी गेली नाही. एका दारापुढे उभी राहून तिने बेल वाजवली, पुष्कळ वेळ वाजवली, मग दार ठोकलं. परत निघाली तेव्हा तिला राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाने दोन्हीकडे लक्ष दिलं नाही.

मंगळवारी चौकशीच्या खोलीत टेबलापलीकडे थ्रेल आणि हेड ऑफिसची एक बाई, मिसेस हॅल्सी. अलीकडे डुल्से आणि एफुआ. बाहेर तिकीटखिडकीपुढच्या फोयरमध्ये पाळीवरचे सगळे कान देऊन उभे.

“तुमचं काही म्हणणं?” मिसेस हॅल्सींनी विचारलं.

“आहे तर,” एफुआ म्हणाली. “मिस्टर थ्रेल, भोंगा वाजवून खेळ उधळायचा असेल तर फोयरमधली आगीची लाल पेटी फोडायची. कोणाही पोराला कळतं. मागचं दार कशाला?”

“पळून जायला.”

“बरं. मग दार उघडल्यावर माणूस पळेल ना? तुमच्या कॅमेऱ्यात दारातून कोणी बाहेर पडताना दिसतंय?”

“मी भोंग्यानंतरचं तेवढंच बघितलं,” थ्रेल म्हणाला.

“आधीचंही बघा, डुल्से गल्लीत फोनवर बोलताना दिसेल. दार हातभर उघडलं, भोंगा झाला, दार मिटलं. आतला माणूस मागे फिरला. का? कारण तो दचकला. भोंगा वाजेल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.”

“मग?”

“मग तो आमच्यातला नाही! आमच्यातल्या प्रत्येकाने ती किल्ली रोज फिरवलीय. किल्ली न फिरवता ते दार ढकललं की अख्खी इमारत बोंबलते, हे आम्हाला झोपेतसुद्धा ठाऊक असतं.”

“कोणीतरी परका असेल,” मिसेस हॅल्सी म्हणाल्या.

“परक्याला काळ्या पडद्याआड दार आहे हेच कळणार नाही. शनिवारी तर तुम्ही सगळ्यांना पुढूनच बाहेर काढलंत. म्हणजे बघा, असा माणूस, जो त्या दाराने रोज बाहेर पडतो, पण त्याच्यासाठी ते रोज दुसरं कोणी उघडतं. आमचा नेहमीचा प्रेक्षक.”

“नेहमीचा होता तर पुढच्या दाराने का नाही गेला?”

“पुढच्या दारात आम्ही होतो ना.” एफुआचा आवाज जरा उतरला. “तो सकाळी, आम्ही जमायच्या आधी आत आला. बाहेर यायला निघाला तर काचेतून आम्ही दिसलो. आमच्यासमोरून त्याला जाववेना. म्हणून परत आत. पुढचा खेळ, त्याच्या पुढचा. सगळ्यात मागे, जिथे कोणी बघणार नाही. चहाचे पेले एकात एक घालत बसला. शेवटी हॉल रिकामा झाला तेव्हा त्याने आपलं रोजचं दार ढकललं. भोंगा झाल्यावर घाबरून मागे फिरला आणि गर्दीत मिसळून निघून गेला. जाताना तुमचा हेडफोन कानावरच राहिला. काल तो माणूस माझ्या खिडकीवर आला होता, डुल्सेवर आळ आल्याचं मी त्याला सांगितलं. तिकीट घेतलं, चहा घेतला, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा हेडफोन मागितला नाही.”

डुल्सेने तोंडावर हात ठेवला.

“नाव सांगा,” थ्रेल म्हणाला.

एफुआने दाराकडे पाहिलं. काल बेल वाजवून वाजवून शेवटी दार उघडलं तेव्हा तिने एवढंच सांगितलं होतं, उद्या या. आला नाहीत तर नाव मी घेईन, पण तुम्ही घेतलंत तर बरं. दारात कोणी नव्हतं. तिने तोंड उघडलं.

“थांब, पोरी.”

ग्रँटली ट्रॉटमन आत आले. फोयरमधल्या सगळ्यांनी त्यांना वाट करून दिली होती, आणि ती वाट जरा जास्तच रुंद होती. त्यांनी खिशातून हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“मी जन्मभर युनियनवाला,” ते म्हणाले. “संपाच्या दिवशी दुसऱ्याच्या बसमध्येसुद्धा पाय ठेवला नाही. शनिवारी तुम्हाला चहा द्यायला आलो होतो. लवकर आलो. कोणीच नव्हतं. दार उघडं, आत ऊब. म्हटलं, एक खेळ बघू आणि तुम्ही यायच्या आत बाहेर येऊ.”

“आणि पोरीवर आळ आला हे काल कळलं तेव्हा?” थ्रेलने विचारलं. “तेव्हा गप्प का बसलात?”

म्हाताऱ्याला ऐकू गेलं नाही. डुल्सेने तोच प्रश्न त्यांच्या कानाशी जाऊन विचारला. न रागावता विचारला.

“सांगितलं तर माझ्याशी बोलणार कोण?” ते तिला म्हणाले. “घरी कोणी नाही. दिवसभरात मी जे काही बोलतो ते या खिडकीवर बोलतो. तुला काढतील हे कळल्यावर मी रात्रभर बसून होतो, पण ही आली नसती तर मी आलो असतो की नाही, ते देव जाणे. मला माफ कर म्हणायला तोंड नाही.”

मिसेस हॅल्सींनी पेन बंद केलं. डुल्सेवरचा आळ गेला, बोलण्यांची तारीख पुन्हा ठरली. फोयरमध्ये पोरं एकमेकांना मिठ्या मारत होती तेव्हा ट्रॉटमन टोपी हातात धरून निघून गेले. कोणी अडवलं नाही. एफुआनेही नाही, ते तिला पुढे फार दिवस लागून राहिलं.

बोलणी झाली आणि फिसकटली. पगार काही वाढला नाही. पुन्हा संपाचा दिवस आला.

ढोल सुरू होते. एफुआ फलक धरून उभी होती. रस्त्यापलीकडे बसथांब्यावर कोट गळ्यापर्यंत लावलेला एक माणूस उभा होता. एक बस आली, गेली. दुसरी आली, गेली. तो कुठल्याच बसमध्ये चढला नाही. काखेत फ्लास्क होता.

“बघू नका तिकडे,” कोणीतरी म्हणालं. “संपफोड्या आहे तो.”

डुल्सेने ढोल काढून एफुआच्या हातात दिला आणि गाड्यांमधून वाट काढत रस्ता ओलांडला. एफुआला इथून ऐकू येत नव्हतं. पोरीने फ्लास्कचं झाकण काढून घेतलं, चहा ओतला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ती इतक्या मोठ्याने ओरडली, की ते या फुटपाथलाही ऐकू आलं.

“थंड झालाय, काका! कधीपासून उभे आहात?”

म्हातारा काहीतरी म्हणाला. डुल्सेने त्यांचा हात धरला आणि सिग्नल लागायची वाट बघत दोघं थांबले. एफुआ जरा बाजूला सरकली आणि तिने आपल्या शेजारी एका माणसापुरती जागा केली.